बोलणं गोड, तरी गिऱ्हाईक हातचं जातं? विक्रीतल्या या चुका टाळा

माल चांगला, भाव रास्त, बोलणंही अदबीचं. तरी गिऱ्हाईक "बघतो, कळवतो" म्हणत निघून जातं. अशा वेळी आपलं बोलणं आठवून पाहा. त्यात समोरच्याला पडताळून बघता येईल असं काय होतं?

बहुतेक वेळा नुसती विशेषणं सापडतात. 'उत्तम दर्जा', 'एकदम टिकाऊ', 'नंबर वन'. सगळेच विक्रेते हेच म्हणतात, म्हणून ते कानावरून जातं. मिक्सर विकताना "मोटर दणकट आहे" म्हणू नका. "मोटरला 2 वर्षांची वॉरंटी आहे, भांडी आणि पाती त्यात धरलेली नाहीत," असं सांगा. वाक्याचा उत्तरार्ध बोलताना जीभ अडखळते, पण पूर्वार्ध खरा वाटतो तो त्याच्यामुळेच. तेच पाती बोथट झाल्यावर कळलं, तर गिऱ्हाईक भांडायला येतं.

विक्रीच्या प्रशिक्षणात एक गोष्ट हमखास सांगतात: 'कारण' द्या, लोक ऐकतात. त्यामागे मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि सहकाऱ्यांचा 1978 चा प्रयोग आहे. कॉपी मशीनवर "5 पानं आहेत, आधी काढू का?" असं नुसतं विचारल्यावर 60 टक्के लोक हो म्हणाले. "मला कॉपी काढायच्या आहेत म्हणून" हे पोकळ कारण जोडल्यावर 93 टक्के! एवढं सांगून गोष्ट थांबवतात. पण पानं 20 झाली तेव्हा पोकळ कारणाला 24 टक्केच होकार मिळाले, म्हणजे 20 पानांसाठी कारण न देता मिळाले तेवढेच. "मी घाईत आहे" म्हटल्यावर 42 टक्के. खिशातून पैसे काढायला लावणं ही मला तरी 20 पानांचीच विनंती वाटते. कारण द्यायचं तर खरं द्या.

शब्दांची करामत वस्तू वापरल्यावर ओसरते, हेही ध्यानात ठेवा. लेव्हिन आणि गेथ या संशोधकांनी 1988 मध्ये एकाच मांसाचं वर्णन काहींना '75 टक्के चरबीविरहित' असं केलं, तर काहींना '25 टक्के चरबी' असं. पहिलं वर्णन जास्त भावलं. पण प्रत्यक्ष चव घेतलेल्यांमध्ये हा फरक बराच कमी झाला. गिऱ्हाईक परत यायला हवं असेल, तर वर्णन वस्तूच्या पुढे पळू देऊ नका.

"महाग आहे" ऐकलं की लगेच सूट देणं किंवा गुणगान सुरू करणं, दोन्ही चूक. आधी विचारा, "दुसरं कुठलं मॉडेल बघितलंय का? दोन्ही शेजारी ठेवून बघू." हाच प्रश्न "कशाच्या मानाने महाग?" असा फेकला, तर तो वाद वाटतो.

"खरं सांगायचं तर" आणि "माझ्यावर विश्वास ठेवा" सोडून द्या; उगाच शंका येते. "आजच शेवटचा दिवस" खरं असेल तर तारीख लिहून दाखवा, नसेल तर तोंडातून काढू नका.

आणि "विचार करून सांगतो" म्हणणाऱ्याच्या मागे लागू नका. एकदाच विचारा, "किंमत अडतेय, की वस्तूच गरजेची वाटत नाही?" किंमत अडत असेल तर हप्ते किंवा लहान मॉडेल दाखवता येतं. गरजच नसेल, तर "मग घेऊ नका" म्हणून मोकळे व्हा.