किमान वेतनावरचे पेपर एकत्र करताय? थेट सरासरी काढू नका

किमान वेतन वाढवलं की टीनेजर पोरांच्या नोकऱ्या जातात का, यावर अमेरिकेत ढीगभर पेपर आहेत. ते गोळा करून सरळ सरासरी काढली तर उत्तर हमखास तिरकं येतं, कारण 'काही फरक पडला नाही' असं ज्याला मिळालं त्याचा पेपर बरेचदा छापूनच येत नाही.

आधी सगळे आकडे एका मापात आणा. इथे ते माप म्हणजे इलॅस्टिसिटी, वेतन १ टक्का वाढलं तर रोजगार किती टक्के हलला. प्रत्येक अंदाजाशेजारी त्याची स्टँडर्ड एरर (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) एक्सेलमध्ये टाका, दिलेली नसेल तर अंदाजाला पेपरात छापलेल्या टी-व्हॅल्यूने (अंदाज त्याच्या एररच्या किती पट आहे तो आकडा) भागा. काम कंटाळवाणं आहे आणि सगळा वेळ यातच जातो, तरी दोघांनी वेगवेगळं भरून ताडून बघा, चुका निघतातच.

मग फनेल प्लॉट काढा, आडवा अंदाज आणि उभी प्रिसिजन, म्हणजे १ भागिले स्टँडर्ड एरर. गडबड नसेल तर पालथं नरसाळं दिसतं, दोन्ही बाजू साधारण सारख्या. डुकुलियागोस आणि स्टॅन्ली या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये ६४ अभ्यासांमधले १,४७४ अंदाज असे मांडले तर निगेटिव्ह बाजू जड निघाली, आणि सगळ्यात नेमके अंदाज मात्र शून्याला चिकटून!

पण चित्रावर विसंबू नका, रिग्रेशन चालवा, म्हणजे आकड्यांमधून रेषा बसवा: अंदाज हा वाय, स्टँडर्ड एरर हा एक्स, वेट १ भागिले एररचा वर्ग. स्लोप (रेषेचा उतार) सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही इतका ठळक, आला तर निवडून छापल्याचा संशय घ्या (पद्धती वेगळ्या असल्यानेही असं होतं, म्हणून डेटाचा प्रकार, साल वगैरे व्हेरिएबल घालून परत बघाच). इंटरसेप्ट (एरर शून्य धरली तर रेषा जिथे पोचते तो आकडा) म्हणजे निवडून छापण्याचा बायस वजा जाता उरलेला परिणाम. तोही सिग्निफिकंट असेल तर एररऐवजी तिचा वर्ग घालून परत चालवा आणि तो इंटरसेप्ट घ्या. याला फॅट-पेट-पीस म्हणतात, आर या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमधल्या मेटाफॉर पॅकेजने होतं. एकाच पेपरमधून वीस अंदाज उचलले असतील तर पेपरनुसार क्लस्टर करायला (एका पेपरमधले अंदाज एका गटात धरायला) विसरू नका, नाहीतर ते वीस स्वतंत्र पुरावे धरले जातात आणि निकाल आहे त्याहून पक्का वाटतो.

शेवटी पॉवर तपासा, म्हणजे परिणाम खरंच असेल तर तो पकडण्याची अभ्यासाची ताकद. उरलेल्या परिणामाला २.८ ने भागा, ज्या अंदाजाची एरर त्याहून मोठी तो कमजोर. २०१७ मध्ये इओआनिडिस, स्टॅन्ली आणि डुकुलियागोस यांनी अर्थशास्त्रातल्या १५९ विषयांवर हे करून बघितलं तर मीडियन पॉवर जेमतेम १८ टक्के निघाली, त्यामुळे तुमच्या शीटमधल्या बहुतेक ओळी गळाल्या तर दचकू नका.