जुनं स्पोर्ट्स कार्ड ग्रेडिंगला पाठवण्याआधी

ग्रेडिंग म्हणजे कंपनीने कार्ड तपासून 10 पैकी गुण (ग्रेड) देणं आणि ते प्लास्टिकच्या सीलबंद कवचात, म्हणजे स्लॅबमध्ये, बंद करणं. कंपनी कुठली, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. कार्ड विकायचंय की जपायचंय, ते आधी पक्कं करा. विकायचं असेल तर तेच कार्ड, त्याच ग्रेडमध्ये, वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्लॅबमध्ये कितीला गेलं ते शोधून लिहून ठेवा. झालेल्या विक्रीचे भाव बघा, मागितलेले नव्हे. जुन्या कार्डांना बहुतेक वेळा पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या स्लॅबमध्ये जास्त पैसे मिळतात. तरी ऑगस्ट 2022 मध्ये टॉप्स या अमेरिकी कार्ड कंपनीच्या 1952 च्या संचातलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं, ते एसजीसी या दुसऱ्या कंपनीच्या 9.5 ग्रेडचं होतं. जपायचंच असेल तर भावाची चिंता सोडा आणि आपल्या संचातली बाकीची कार्डं ज्या स्लॅबमध्ये आहेत तीच कंपनी घ्या.

मग कार्ड नीट तपासा, कारण खरा वेळ इथेच द्यायला हवा. जुन्या कार्डाबाबत 8 की 9 यापेक्षा मोठा प्रश्न असतो तो म्हणजे कुणी कडा कापल्यात का, रंग भरलाय का, घडी दाबून सपाट केलीय का. पट्टीने मोजा: 1952 ते 1956 ची टॉप्स कार्डं 2⅝ बाय 3¾ इंचांची, 1957 पासूनची 2½ बाय 3½ ची. दहापट भिंगातून चारही कडा बघा, तिरप्या उजेडात पृष्ठभाग बघा. युद्धापूर्वीचं म्हणवणारं कार्ड अतिनील दिव्याखाली निळसर-पांढरं झळाळलं तर कागद नंतरचा असण्याची दाट शक्यता. पीएसएने सर्वांत पहिलं ग्रेड केलेलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं टी206 कार्ड (टी206 हा सिगारेटच्या पाकिटांतून आलेला जुना संच) 8 ग्रेड घेऊन वर्षानुवर्षं मिरवलं, आणि 2013 मध्ये कार्डांचा लिलाव करणाऱ्या बिल मास्ट्रोने त्याच्या कडा कापल्याची कबुली दिली. म्हणून स्लॅबवर विसंबून स्वतःची नजर मोडीत काढू नका. खोडरबर, ओला कापूस, इस्त्री यांपैकी काहीही कार्डाजवळ नेऊ नका.

छपाई एका बाजूला सरकलेली असेल तर पीएसए ग्रेडपुढे ओसी (ऑफ-सेंटर) लावते, डाग असेल तर एसटी (स्टेन). ती अक्षरं नको असतील तर अर्जात तसं सांगता येतं, पण मग आकडा खाली येतो. बेकेट ही ग्रेडिंग कंपनी छपाईचा मध्य, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांचे वेगळे गुण देते. कार्ड नेमकं कुठे कमी पडलं ते समजून घ्यायचं असेल तर मला तीच पद्धत प्रामाणिक वाटते.

शुल्क जाहीर केलेल्या किमतीनुसार बदलतं, तेव्हा ती किंमत खरी लिहा. विम्याचाही आधार तीच असते. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. स्क्रूच्या घट्ट होल्डरमधून कार्ड आधीच बाहेर काढा, त्यात ते दबतं. पातळ स्लीव्ह, त्यावर अर्धकडक होल्डर, दोन पुठ्ठे, आणि चिकटपट्टी फक्त पुठ्ठ्यांना.