घरातल्या मारहाणीबद्दल विचारताना: नाशिकमधल्या संशोधकांसाठी

प्रश्नावलीतून ‘हिंसा’ हा शब्द आधी काढून टाका. ‘तुमच्यावर हिंसा होते का?’ असं विचारलं की बहुतेक जणी ‘नाही’ म्हणतात. कानाखाली बसणं त्यांच्या लेखी संसारातलंच असतं. ढकललं का, केस ओढले का, गळा दाबला का, माहेरी जाऊ दिलं नाही का, मजुरीचे पैसे काढून घेतले का, असं एकेक विचारा. प्रत्येकाला दोन काळ लावा: आजवर कधी आणि गेल्या १२ महिन्यांत किती वेळा. महिने आठवत नसतील तर खूण द्या. सातपूर-अंबडला दिवाळी, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी.

एका घरात एकीशीच बोला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या मार्गदर्शक सूचनांत हे आहे, आणि त्यात तडजोड नको. सासू-सून दोघींना विचारलंत तर विषय संध्याकाळपर्यंत घरभर होतो आणि मार सुनेला पडतो. कोणाशी बोलायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा. बोलकी बाई निवडली की आकडे वाकडे येतात.

गावात ‘बायकांच्या आरोग्याचा अभ्यास’ एवढंच सांगा. खरा विषय तिला एकटीला, संमती घेताना. जवळ दोन वर्षांपुढचं मूलही नको. कोणी आलं तर लगेच पाणी, लसीकरण यांवर या. ते प्रश्न वेगळ्या कागदावर वरच ठेवा. सहीचा कागद नवऱ्याच्या हाती लागू शकतो, म्हणून तोंडी संमतीची परवानगी संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडून आधीच घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवावंच लागतं. हे संमतीआधी सांगा, नंतर सांगणं म्हणजे तिची फसवणूक.

पेठ-सुरगाण्यात कोकणा बोली येणारी मुलाखतकार हवी, पण त्याच गावची नको. गावची आशाताईही नको, ती रोज त्याच दारात जाते.

सुरुवातीलाच १८१ या महिला मदतक्रमांकावर आणि घरगुती हिंसेच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे फोन करून मदत खरंच मिळते का ते पाहा. १८१ हा क्रमांक १०८ (रुग्णवाहिका) आणि ११२ (आपत्कालीन मदत) यांच्यासोबत एकाच साध्या कार्डावर छापा; सुटा दिसला तर संशय येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. एखाद्या मुलाखतकाराच्या ४० फॉर्मांत एकही ‘हो’ नसेल, तर पुढच्या मुलाखतींआधी तिच्याकडून सराव करून घ्या.