पोराला ताप आला की आधी श्वास मोजा (एचआयव्ही असलेल्या मुलांच्या घरच्यांसाठी)

आमच्या एआरटी (एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या) सेंटरला पोरांना घेऊन बरेचदा आजीच येते आणि तिचा ठरलेला प्रश्न, गोळ्या रोज देते तरी ह्याला सारखा न्यूमोनिया का होतो? तर भानगड अशी आहे की एचआयव्हीचा विषाणू सीडीफोर पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मारतो हे सगळ्यांना माहितीये, पण अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींचंही तो वाटोळं करतो. रिपोर्टमध्ये अँटीबॉडी भरपूर दिसतात, कधीकधी नॉर्मलपेक्षा जास्तच, पण कामाच्या त्यात थोड्या. न्यूमोकोकस नावाच्या जंतूला साखरेचं कवच असतं, त्यावर नेमकी अँटीबॉडी चिकटली तरच पेशी त्याला गिळतात, नाहीतर तो निसटतोच. जुना जंतू ओळखणाऱ्या पेशीपण कमी होतात, आणि एआरटी उशिरा सुरू झाली असेल तर तो खड्डा पूर्ण भरेलच असं नाही.

मग करायचं काय? खोकला-ताप असला की पोर शांत असताना (झोपलेलं असेल तर उत्तमच) बनियन वर करा, मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि पोटाकडे बघत श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, बारक्या पोरांचा श्वास एकसारखा चालत नाही. 2 महिने ते 1 वर्षाच्या बाळाला 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्याला 40 किंवा जास्त भरले की त्याच दिवशी डॉक्टर. पोट उडतंय, दूध-पाणी घेत नाही, झटके येतायत, मलूल पडलंय, तर मोजत बसू नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा. एआरटीचं कार्ड सोबत न्या, चारचौघांत बोलायचं नसेल तर नुसतं डॉक्टरच्या हातात द्या.

आता सेप्ट्रान, म्हणजे न्यूमोनियासारखे आजार टाळायला ह्या मुलांना रोज देतात ते अँटिबायोटिक. पोराने जरा बाळसं धरलं की घरचे आधी हीच बंद करतात. एकदा एका आजीने पिशवीतून बाटली काढली, तळाशी हा पांढरा थर, म्हणजे महिनाभर न हलवता वरचं पाणीच पाजलेलं! युगांडा आणि झिम्बाब्वेत एआरटीवर स्थिर असलेल्या मुलांपैकी काहींची सेप्ट्रान थांबवून बघितली, 2014 ला निकाल छापून आला, थांबवलेली पोरं जास्त अ‍ॅडमिट झाली. त्यामुळे बंद करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही बाटली हलवून द्या. अंगावर पुरळ आलं तर मात्र लगेच दाखवा.

न्यूमोनियाची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिन्यांना. ह्या मुलांत तिचा असर थोडा कमी पडतो आणि लवकर ओसरतो, म्हणून लसीचं कार्ड पुढच्या खेपेला आणा आणि जादा डोस लागतो का ते विचारा.