जीप दमली की काम वाढलं? शिवारातली जुनी गाडी ठेवायची की बदलायची

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर, बाचीच्या अलीकडे, डांबर सोडून दोन किलोमीटर आत आमचं शेत. माती तांबडी, खाली जांभा. मृग लागला की ट्रॅक्टरनी पाडलेल्या चाकोऱ्यांत दुसरी कुठलीही गाडी पोट टेकून बसते. म्हणून आमच्याकडे १९९३ सालची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी जीप आहे, महिंद्राची एमएम ५४०. खत, फवारणीचा पंप, भांगलणीच्या बायका, रताळी, सगळं तिच्यातूनच जातं. दोन वर्षांपूर्वी ती चढाला धूर ओकायला लागली आणि घरात दोन तट पडले. दीर म्हणाले, इंजिन बांधून घेऊ. मुलगा म्हणाला, विकून टाक, दुसरी घे. तेव्हा मी जो हिशेब केला तो सविस्तर सांगते, कारण अशी गाडी आमच्या भागात बऱ्याच दारांत आहे आणि निर्णय बहुतेक वेळा रागाच्या भरात होतो.

आधी एवढंच शोधायचं: गाडी दमली आहे, की तुमचं काम वाढलं आहे? दमलेल्या गाडीला दुरुस्तीचा गुण येतो. काम वाढलं असेल तर नव्या इंजिनानंही हौदा मोठा होत नाही.

हे अंदाजानं कळत नाही, त्यासाठी वही लागते. जून ते ऑक्टोबर, जीप ज्या दिवशी कमी पडली त्या दिवशी मी तारीख आणि कारण लिहिलं. ३७ नोंदी झाल्या. त्यांतल्या २३ दमल्याच्या: तापली, ओढेना, चाक फिरलं पण गाडी हलेना. उरलेल्या १४ काम वाढल्याच्या, म्हणजे आठ-दहा पोत्यांच्या खेपांनी दिवस पुरला नाही. आणि हे १४ही दिवस नवरात्राआधीच्या रताळी काढणीचे होते. त्या दिवसांत पाणंदीच्या तोंडापासून मार्केट यार्डापर्यंत भाड्याचा टेंपो लावला तर दिवसाला १,५०० प्रमाणे २१,००० रुपये. मी पाहिलेली जुन्यातली मोठी गाडी साडेचार लाखांची होती. दहा टक्क्यांनी कर्ज काढलं तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज ४५,०००. वही नसती तर काढणीचे ते १४ दिवसच डोक्यात राहिले असते आणि मी मुलाचं ऐकलं असतं.

वहीचा कौल दुरुस्तीकडे गेला तरी लगेच मेस्त्रीकडे धावू नका. आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा बघा. इंजिन, गिअर, स्प्रिंगचे पाटे सगळं बदलता येतं, पण चासी कुजली असेल तर बाकीचा पैसा चिखलात गेला. गाडी धुऊन, वाळवून, दोन दिवस उन्हात ठेवून मग खाली शिरा. पाट्यांचे हँगर जिथे बसतात तिथे, बॉडी चासीवर बसते त्या माउंटिंगच्या मागे आणि मागच्या आडव्या मेंबरवर छोटा हातोडा मारत जा. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बोदं वाजतं. शंका येईल तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबा. पापुद्रा सुटला तर वेल्डिंगनं निभेल, आत घुसला तर तिथेच थांबा. रंगावर जाऊ नका. आमच्याकडे शेणखताची वाहतूक असते, आणि ते ओलं खत कोपऱ्यात बसून आतून खातं. माझ्या जीपला डाव्या हँगरपाशी तळहाताएवढा पापुद्रा निघाला, आत लोखंड शाबूत होतं.

मग इंजिन. आमच्या जीपला प्युजोचं एक्सडीपी ४.९० आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, २,११२ सीसी. इथे धुराचा रंग नीट ओळखा, कारण इथेच लोक विनाकारण खर्चात पडतात. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. नोझल, पंप, एअर फिल्टर बघा, तेवढ्यासाठी इंजिन खोलायची गरज नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि पाणी कमी होत असेल तर हेड गास्किट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालची पट्टी गेली असं धरा. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, मग चालू करून बघा, बुडबुडे येत राहिले तर खात्री झाली. गरम असताना ते झाकण मुळीच उघडू नका. शेवटची तपासणी: इंजिन गरम करून, सावकाश चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. भक-भक वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. माझी वाफ बोटाला लागत होती आणि धूर निळा, म्हणजे काम खरंच निघालं होतं.

या बाबतीत बेळगावकर नशीबवान आहेत. फाउंड्री आणि क्रँकशाफ्टचं काम हे या शहराचं जुनं नाव, आणि उद्यमबागेत मशीनशॉप हाताशी आहेत. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, ग्राइंडिंगला पाठवताना एवढं विचारा की यापूर्वी किती वेळा उतरवला, म्हणजे घासून बारीक केला आहे. दर वेळी माप कमी होतं आणि त्या मापाच्या अंडरसाइझ बेअरिंगा लागतात. शेवटच्या मापाला पोचलेला क्रँक पुन्हा उतरवता येत नाही, तेव्हा दुसऱ्या क्रँकचा खर्च आधीच धरा. मेस्त्री मला म्हणाले, "अक्का, ह्यो एकदाच उतरलाय, अजून एक हात निघतोय की." त्या एका वाक्यावर माझा निम्मा निर्णय झाला. लायनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, हेड, नोझल-पंप मिळून ७८,००० झाले.

पुढच्या ॲक्सलकडे मात्र कोणी बघत नाही. जॅक लावून चाक उचला, वरून-खालून धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावरही हलतंय तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ, थांबलं तर चाकाचं बेअरिंग. लो गिअरमध्ये चढ चढताना लिव्हर आपोआप सुटत असेल तर ट्रान्सफर केस, म्हणजे ओढ पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा उघडावा लागतो. हा लो म्हणजे सुमारे अडीच पट ओढ. पावसात आमची सगळी भिस्त याच्यावर, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

सुधारणांत मी सगळ्यांत वर टायर ठेवते. ६.००-१६ चे आडव्या नक्षीचे चार टायर, २६,०००. नवं इंजिन घालूनही गुळगुळीत टायरवर आमची पाणंद चढत नाही. किंगपिन आणि ब्रेकला १४,०००. एकूण १,१८,०००. मी स्वतःला घातलेली मर्यादा अशी होती की दुरुस्त झाल्यावर गाडी जेवढ्याला विकली जाईल त्याच्या निम्म्यापेक्षा खर्च वर जाऊ नये. अशी जीप आमच्याकडे तीन लाखांच्या आसपास जाते, म्हणजे मी मर्यादेत होते. पुष्कळ जण इथे महिंद्राचं २,५२३ सीसीचं डीआय इंजिन टाकतात. ओढ चांगली, पार्टही सहज मिळतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर नोंद, नाहीतर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करते. कागद करायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

कागदांचं गणित दुरुस्तीआधी करा, नंतर नको. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून तपासणी. २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीला हे शुल्क १०,००० रुपये झालं आहे. वर हरित कर आणि विमा. वर्षाला वाटून हेही वहीत धरा.

आणि सीमेवरच्या माणसांना खास सांगते. शिनोळी, चंदगडकडे एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूर नोंदणीची जीप आपल्यापेक्षा स्वस्त मिळते, मोह होतो. पण ती केए २२ च्या, म्हणजे बेळगावच्या हद्दीत कायमची राहणार असेल तर कलम ४७ प्रमाणे १२ महिन्यांच्या आत इथली नोंदणी लागते: तिकडून फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत दाखला), इथे फॉर्म २७, आणि कर्नाटकचा आजीव कर. शेत पलीकडे आणि घर अलीकडे असलेल्यांनी गाडी मुक्कामाला कुठे असते ते आधी ठरवावं. माझ्या मावसभावानं पैसे आधी मोजले. जुन्या मालकाचं कर्ज आरसीवर तसंच होतं, ते उतरेपर्यंत एनओसी आठ महिने अडली. कर्ज उतरल्याचा, बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय विसार देऊ नका.

बदलायचीच कधी, तर माझ्या मते तीनच परिस्थितींत. चासीत स्क्रू ड्रायव्हर घुसला तर. क्रँक संपलाय आणि ट्रान्सफर केसही गेलाय तर. आणि वहीत काम वाढल्याच्या नोंदी वर्षभर पसरलेल्या असतील, दर आठवड्याला गाडी अपुरी पडत असेल, तर सुस्थितीतली गाडीसुद्धा विकावी आणि महिंद्राच्या कॅम्परसारखी हौदावाली फोर बाय फोर बघावी. चांगल्या अवस्थेत विकलेल्या जीपला दाम येतो. शेडमध्ये दोन पावसाळे उभी राहिलेली भंगारवाल्याच्या भावानं जाते.

इंजिन बांधायचं ठरलं तर गाडी पाडव्यानंतर लगेच द्या. क्रँक एका दुकानात, पंप दुसऱ्या दुकानात, हेड तिसऱ्या, आणि मे महिन्यात प्रत्येकाकडे ट्रॅक्टरांची रांग असते. घरी आल्यावर पहिले ५०० किलोमीटर झाले की ऑइल बदला, आणि १,००० होईपर्यंत ओझं घालू नका. हे सगळं मृगाच्या आत बसलं पाहिजे. माझी जीप मेच्या पहिल्या आठवड्यात आली. तीन आठवडे मी तिच्यातून फक्त शेणी आणि रिकाम्या बुट्ट्या नेल्या, आणि पहिली खताची खेप दोन पाऊस पडून गेल्यावर, लो गिअरमध्ये, पोत्यांवर दिराला बसवून चढवली.