अवघड वाट धरताय? मग निदान या चुका टाळा

दर पाडव्याला आमच्या गल्लीतलं कुणीतरी पोरगं येऊन सांगतं, "काका, उद्यापासून मी पण सायकलच." मी बेळगावजवळच्या येळ्ळूरहून शहरातल्या उद्यमबागेत कामाला गेली बारा-तेरा वर्षं सायकलनं जातो, त्यामुळं गावात मला सल्ला द्यायचा परवाना मिळाल्यासारखं झालंय. पोरगं हनुमान जयंतीपर्यंत टिकतं. मग पुन्हा मोटारसायकल, आणि मी समोरून दिसलो की मान खाली. दरवेळी चुका त्याच. म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

चार नेम एका दोरीत

ही मी स्वतः केलेली चूक. २०११च्या पाडव्याला चार नेम धरले: पहाटे चारला उठायचं, गावाजवळचा राजहंसगड पळत चढायचा, चहा बंद, कामाला सायकल. त्याआधीच्या वर्षात माझी सगळ्यात मोठी चढण म्हणजे कॅन्टीनचा जिना. पहिल्या दिवशी गड चढलो, तटावरून सूर्य बघितला, स्वतःवर बेहद्द खूश झालो. दुसऱ्या दिवशी घराच्या पायऱ्या भिंत धरून उतरलो. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला. पाचव्या दिवशी बायकोनं न विचारता चहाचा कप पुढं केला आणि मी घेतला. त्या एका कपाबरोबर चारी नेम वाहून गेले, कारण मनात सगळे एकमेकांना बांधलेले होते. एक मोडला म्हणजे बाकीचे पाळण्यात काय अर्थ, असं वाटतं. वाटतंच.

दोन वर्षांनी परत सुरू केलं तेव्हा फक्त सोमवारी सायकल. अख्खा पावसाळा एवढंच. दसऱ्याला दुसरा वार जोडला. मोटारसायकलची किल्ली रविवारी रात्री तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची, कारण सकाळच्या घाईत कोपरापर्यंत हात घालून ती शोधायचा कंटाळा येतो. "एक दिवस भातात शिजेल," असं घरात अजून ऐकतो. शिजलेली नाही.

२१ दिवस मोजत बसणं

एकविसाव्या दिवशी सवय लागते, हे व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं फिरलंय की पोरं कॅलेंडरवर फुल्या मारतात आणि बाविसाव्या दिवशी माझ्याशी भांडायला येतात. ते मूळचं १९६० सालचं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं लिहिलं होतं की पेशंटना नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात. पुढं त्यातला 'किमान' गळला आणि चेहरासुद्धा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर बारा आठवडे लक्ष ठेवून अभ्यास केला, तो २०१०मध्ये छापून आला. त्यात सरासरी निघाली ६६ दिवस, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ पर्यंत. आपल्या हिशेबानं पाडव्याला धरलेली गोष्ट साधारण मृगाच्या आसपास अंगात मुरते, एखाद्याची सुगी उलटली तरी मुरत नाही. मधेच एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. हे वाक्य मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

दुसऱ्याकडून वाचून घेणं

माझा खरा राग इथं आहे. आमच्याकडं कन्नड बोलायला बहुतेकांना येतं; बाजारात, बसमध्ये, कामावर भागून जातं. वाचायचं म्हटलं की घोडं अडतं. मीही त्यातलाच. शाळा मराठी, कन्नडचा पेपर पास होण्यापुरता. शेताचा उतारा कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये, आणि ते मी कायम कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्याकडून लिहून-वाचून घ्यायचो. वडील गेल्यावर वारसा लावायला अर्ज केला. त्यानं भराभर वाचून दाखवलं, "सगळं बरोबर आहे" म्हणाला, मी मराठीत सही ठोकली.

तीन वर्षांनी पीककर्ज काढायला गेलो तर उताऱ्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळेना. वडिलांच्या नावात जोड 'ल' आहे. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली बारीक लटकतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. ते लटकणच लिहायचं राहून गेलं होतं. नखाएवढी खूण. ती परत आणायला सात महिने, एक प्रतिज्ञापत्र आणि किती रजा गेल्या ते मोजलं नाही. त्या वर्षीची पेरणी मेव्हण्याच्या पैशावर झाली.

मग पुतण्याचं पहिलीचं पुस्तक घेऊन बसलो. अक्षरं ४९, क्रम आपलाच, क-ख-ग-घ, म्हणून मराठी माणूस निर्धास्त राहतो आणि फसतो. व आणि म सख्खे भाऊ, फरक उजव्या बाजूच्या वळणाचा. ए आणि ओ दोन-दोन, एक आखूड एक लांब, आणि आपल्या कानाला तो फरक कळायलाच महिना जातो. सरावासाठी मी बसच्या पाट्या धरल्या: गाडी फलाटाला लागली की कुणाला न विचारता पाटी वाचायची. एकदा 'नंद' एवढंच बघून घाईनं चढलो, नंदिहळ्ळी समजून. गाडी निघाली नंदगडची. पिरनवाडीला उतरलो आणि उलटा आलो. त्या दिवसापासून पाटी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो.

आता पोरं म्हणतात, फोन धरला की वाचून दाखवतो की! दाखवतो, कबूल. पण फोन असलेलं वाचतो. तुमच्या बापाच्या नावात ओत्तक्षर हवं होतं, हे त्याला कुठून ठाऊक?

बाकीच्या, पटकन

आधी सात हजारांचे बूट घेणं. चालायला लागा, बुटांचं नंतर बघू.

स्टेटस टाकणं. शाबासकी आधीच मिळाली की पायाला काम उरत नाही.

कष्टासाठी कष्ट. भर जुलैत, मडगार्ड नसलेल्या सायकलवर, चिखल अंगावर घेत जाणाऱ्याला मी शूर म्हणत नाही, आळशी म्हणतो. मडगार्ड बसवायला दहा मिनिटं लागतात. अवघड वाटेतून काहीतरी हाताला लागलं पाहिजे, तब्येत, पैसा, विद्या, काहीही. नुसता चिखल लागत असेल तर बसनं जा.

यंदाच्या पाडव्याला आलेल्या पोरानं विचारलं, "काका, गिअरची घेऊ की साधी?"

"घरात हाय ती काय झाली?"

"पंक्चर हाय."

मी पान्हा, पत्र्याची किसणी, सोल्युशन आणि पाण्याची बादली त्याच्यासमोर ठेवली. बुडबुडा सापडायलाच त्याला पाऊण तास लागला. सोल्युशन सुकायच्या आत पॅच दाबला, तो हवा भरताच सुटला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. तो परत ट्यूब घासायला बसला तेव्हा आत जाऊन दोघांचा चहा टाकला.