छाटलेल्या फांद्या वाहून न्यायला गाडी कशी ठरवावी? सोसायट्यांसाठी मार्गदर्शन

मे महिना लागला की मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांच्या छाटणीची घाई सुरू होते. उद्यान विभागाची परवानगी मिळते, छाटणीवाले ठरतात, आणि गाडीचा विचार मात्र फांद्या खाली पडल्यावर होतो. मग मिळेल तो टेम्पो, मागेल ते भाडं आणि पार्किंगमध्ये वाळत पडलेला ढीग. छाटणीच्या खर्चातला मोठा वाटा वाहतुकीत जातो, म्हणून गाडी आधी ठरवा.

आधी माल ओळखा

छाटणीतून दोन प्रकारचा माल निघतो. डहाळ्या आणि पाला जागा खातात, पण वजनाला हलके. ओंडके जागा थोडी घेतात आणि वजनाला भारी. ओल्या लाकडाचा एक घनमीटर पाऊण ते एक टन भरतो. छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एस टेम्पोचा, हौदा साधारण सात फूट लांब, पावणेपाच फूट रुंद, आणि क्षमता पाऊण टनाच्या आसपास. त्यात चार फूट उंचीपर्यंत सुट्या फांद्या रचल्या तरी वजन बहुधा मर्यादेत राहतं. ओंडके मात्र फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या कडेच्या) वर वीतभर गेले की भार पुरा झाला, मग हौदा कितीही रिकामा दिसो. म्हणून झाडाखालीच दोन ढीग करायला सांगा. मिसळलेला माल उतरवायला दुप्पट वेळ लागतो, आणि जळाऊ लाकूड घेणारा वखारवालाही तो घेत नाही.

माल कुठे जाणार ते ठरवा

पालिकेने सांगितलेली जागा, कंपोस्टचा खड्डा, लाकडाची वखार, पांढरा कोळसा (पाला-भुसा दाबून केलेलं जळण) करणारा कारखाना यांपैकी कुठे काय घेतात ते फोन करून विचारा. उतरवायला माणसं तिथली की आपली, हेही तेव्हाच विचारा. रिकाम्या प्लॉटवर टाकणं किंवा जाळणं हा पर्याय समजूच नका. उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे. शिवाय ओल्या पाल्याचा धूर सगळ्या इमारतीच्या छातीत जातो.

मग गाडी

गल्ली अरुंद, फाटकावर कमान आणि माल दोन-तीन झाडांचा असेल तर छोटा हत्ती. पिकअप सव्वा ते पावणेदोन टन नेतो आणि बहुतेक सोसायट्यांना तोच सोयीचा पडतो. ओंडके जास्त असतील तर टाटाचा चारशे सात ट्रक. चौदा फुटी आयशर तेव्हाच, जेव्हा रस्ता मोठा आहे आणि उतरवायची जागा लांब आहे. पोडियमवर किंवा तळघराच्या छतावर मोठी गाडी नेण्याआधी बांधकामाची भारक्षमता नक्की विचारा. गाडी किती वजन नेऊ शकते याचा अंदाज आरसी बुकात मिळतो. एकूण मान्य वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा.

उतरवायची जागा जवळ असेल तर एका मोठ्या गाडीपेक्षा आलटून-पालटून येणारे दोन पिकअप बहुतेक वेळा बरे पडतात. एक भरत असताना दुसरा उतरवून परततो आणि माणसं हात बांधून बसत नाहीत.

भरण्याची रीत

सगळा फायदा-तोटा इथे आहे. आख्खी फांदी हौद्यात टाकली तर तिच्या बेचक्यांमध्ये नुसती हवा भरते आणि भाडं त्या हवेचं जातं. प्रत्येक मोठ्या बेचक्यावर एक घाव घाला, म्हणजे फांद्या एकमेकींवर सपाट बसतात. लांबी हौद्यापेक्षा फूटभर कमी ठेवा. जाड बुडखे मागच्या फाळक्याकडे करा. उतरवताना बुडखा धरून ओढला की डहाळ्या मिटत येतात, उलट ओढली तर प्रत्येक फांदी शेजारणीत अडकते.

भरायच्या आधी हौद्याच्या तळाशी एक मजबूत दोर आडवा टाकून त्याची दोन्ही टोकं मागच्या फाळक्याबाहेर ठेवा. उतरवायच्या जागी टोकं भक्कम खांबाला बांधा आणि गाडी हळू पुढे घ्या. अर्धा ढीग एका ओढीत खाली येतो. दोर ताणलेला असताना जवळ कुणीही उभं राहू नये, अगदी चालकाचा मदतनीससुद्धा.

वर ताडपत्री, त्यावर आडवे दोर. मागे लोंबणारी फांदी दुचाकीस्वाराच्या डोळ्याला लागू शकते, म्हणून निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारा. गल्लीतल्या केबलच्या तारा फार खाली असतात, त्यामुळे मालाची उंचीही बघा. मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. हौद्याबाहेर माल आल्यासही २०,००० रुपये.

चिपरने बारीक केलेला ओला चुरा रात्रभर गाडीत झाकून ठेवू नका, तो आतून तापतो. दुपारीच पोचवा.

भाडं आणि कागद

खेपेवर भाडं ठरवलं तर अर्धवट भरून फेऱ्या वाढवण्याचा मोह चालकाला होतो. म्हणून किती उंचीपर्यंत भरायचं ते फाळक्यावर खडूने खूण करून आधीच दाखवा, नाहीतर संपूर्ण कामाचा ठोक दर घ्या. हमाल, टोल आणि थांबण्याचे पैसे कुणाकडे, हे लिहून घ्या.

झाडांच्या संरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यानुसार मिळालेल्या परवानगीची प्रत चालकाकडे द्या. सागासारख्या जातींच्या लाकडाला वन विभागाचा वाहतूक परवाना लागू शकतो, तेव्हा अशा लाकडाची चौकशी आधी करा. शेवटची गाडी निघाली की सोसायटीच्या वहीत गाडीचा प्रकार, खेपा आणि उतरवलेल्या जागेची पावती नोंदवा. पुढच्या मे महिन्यात नवा दर मागताना ती कामाला येईल.